कुकरवाले अण्णा

तन्मयनं बटण दाबलं. कॅसिओचे पहिले चार सूर हेडफोनमधून कानात शिरले आणि माझ्या हातातला चहा हिंदकळून टेबलावर सांडला.

"तर सोलापूरकर," तो माइकजवळ सरकून म्हणाला, "आजच्या गाण्यांच्या कुस्तीत माझा पैलवान हा. नाव विचारू नका, गाव विचारू नका. फक्त ऐका."

आणि अण्णांचा, माझ्या वडिलांचा आवाज सुरू झाला. तरुण, कापरा, प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रतिध्वनीच्या यंत्रात गरगर फिरणारा.

*गिरिजे, घर सुनं झालं गं, कुकर शिट्टी देईना,*
*गादी मला ओळखेना, डास कुणी मारेना...*

गिरिजा म्हणजे माझी अव्वा, माझी आई. माझ्या वेळेला ती बाळंतपणासाठी अक्कलकोटला माहेरी गेली, तेव्हा मागे एकट्या राहिलेल्या अण्णांनी हे गाणं रचलं होतं. त्यात विनोद करायचा त्यांचा काही विचार नव्हता. त्यांना खरंच करमत नव्हतं, घरात खरंच डास होते, आणि कुकर लावायची सवय नसल्यामुळे शिट्टी खरंच होत नव्हती.

गाणं सुरू असलं की माइक बंद असतो. मी तन्मयला म्हटलं, "बंद कर ते."

"का?"

"तुला माहितीये का."

"फोन बघ आधी." त्यानं हनुवटीनं समोर दाखवलं. फोनचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. आठ वाजता सोलापूर एवढं जागं मी कधी बघितलं नव्हतं.

"कुठून आणलंस हे?"

"तुमच्याच घरून."

महिन्याभरापूर्वी तो आमच्याकडे जेवायला आला होता. अण्णांनी त्याला पलंगाखालची ट्रंक ओढून दाखवली होती. त्यात सोलापूरच्या सगळ्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या कॅसेटी होत्या. गड्ड्याच्या यात्रेत गायलेल्या, लग्नाच्या बँडवाल्यांनी हौसेनं काढलेल्या, एखाद्या हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात म्हणून भरलेल्या. अण्णा दिवसा मिलमध्ये फिटर होते, रात्री कुमार चंदन या नावानं गायचे. मिल बंद पडली, मग ऑर्केस्ट्राही बंद पडले, आणि उरली ती ही ट्रंक. मला वाटलं, मी भाकरी वाढत असताना तन्मयनं त्यातली एक कॅसेट खिशात टाकली.

गाणं संपलं. माइकवरचा लाल दिवा लागला.

"सुवर्णा," तन्मय म्हणाला, "आवडला का गं माझा पैलवान?"

रेडिओवर गप्प बसण्यासारखं पाप नाही. दोन क्षण शांतता झाली तर ऐकणाऱ्याला वाटतं सेट बिघडला. मी हसले. दिवा लागला की हसायचं, हे माझ्या अंगातच मुरलं होतं.

"कोण हा बिचारा?" मी म्हटलं.

"तूच ओळख. अख्ख्या सोलापुरानं ओळखा. हा कुकरवाला कोण?"

'उठा की राव' हा आमचा सकाळचा कार्यक्रम चकमक एफएमवर दोन वर्षं चालला होता, आणि त्यातली कुस्ती ही त्याची जान होती. रोज आठ वाजता तन्मयनं एक गाणं लावायचं, मी एक लावायचं. ज्याच्यावर लोक जास्त हसतील तो जिंकला. हरणाऱ्याला ऐकणारे शिक्षा सांगायचे, मिरची खा, उलटी बाराखडी म्हण, असलं काहीतरी. बहुतेक वेळा मीच जिंकायची. तन्मय दिवाण पुण्याचा. त्याच्याकडे इंटरनेटवरून उतरवलेली गाणी. माझ्याकडे अण्णांची ट्रंक. जिच्या बारशाला त्या बँडमास्तरनं गाणं म्हटलं होतं ती बाईच फोन करायची आणि हसून हसून तिला बोलता यायचं नाही.

पण त्या महिन्यात कुस्ती चेष्टेची राहिली नव्हती. स्टेशनचे प्रमुख पेंडसे सर. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "वरून ऑर्डर आहे, सकाळच्या शोला एकच माणूस ठेवायचा. महिनाअखेर बघू कोण चालतंय. दुसऱ्याला दुपारची पाककृती." तेव्हापासून तन्मय आणि मी कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसत होतो.

त्या दिवशी मी हरले. शिक्षा म्हणून मला कुकरच्या पाच शिट्ट्या तोंडानं काढायला लावल्या. मी काढल्या.

घरी आले तर अण्णा रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. मी वाटेत सगळं ठरवून आले होते. कॅसेट चोरली म्हणून पेंडसे सरांकडे तक्रार करायची, अण्णांना म्हणायचं की लोकांना गाणं आवडलं.

"किती फोन आले?" अण्णांनी विचारलं.

"आले थोडे."

"थोडे? तन्मयराव तर म्हणालते सगळ्या लाइनी जाम."

"तो तुम्हाला बोलला?"

"फोन आलता की आत्ता. उद्या बोलवालेत मला. स्टुडिओत."

मी चप्पल काढायची विसरून त्यांच्यासमोर बसले. "अण्णा, जाऊ नका. ते तुमच्या गाण्याला हसालेत. चांगलं म्हणून नाही लावलं ते."

"ऐकलं मी. बहिरा आहे का?"

"मग?"

ते उठले, भिंतीवरच्या खुंटीवरून निळा कोट काढला, ऑर्केस्ट्रातला, चकचकीत कॉलरचा, आणि माझ्या मांडीवर टाकला.

"जरा इस्त्री मार ह्याला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओत पोचले तर ते माझ्या खुर्चीत बसले होते. माझे हेडफोन त्यांच्या गळ्यात होते. तन्मयनं माझ्यासाठी बाहेरून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती, माइकपासून जरा लांब.

"सोलापूर, कुकरवाला सापडला!" तन्मय ओरडला. "आणि तो कोणाचा बाप आहे सांगू? आपल्या सुवर्णाचा!"

मग अण्णा बोलायला लागले.

मी त्यांना आयुष्यभर ऐकलं होतं, पण असं कधी नाही. घरी ते मोजकं बोलायचे. माइकसमोर त्यांची जीभ सुटली. ते अव्वाची नक्कल करायला लागले. ती जिना चढताना कशी धापा टाकायची, कन्नड आणि मराठी मिसळून कशी भांडायची, झोपेत कशी घोरायची. शेवटच्या वर्षात तिला श्वास पुरत नव्हता, म्हणून धापा. ते ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. तन्मय टेबलावर हात आपटून हसत होता. काचेपलीकडे पेंडसे सर उभे होते, तेसुद्धा.

"आणि अण्णा, ही सुवर्णा लहानपणी कशी होती?"

"हिचं काय विचारालास," अण्णा म्हणाले. "हिचा आवाज बघ की. पोरीचा वाटतो का? आता रेडिओवर चाललंय म्हणून. बार्शीचं एक स्थळ आलतं. साखरपुडा झाला, तारीख निघाली. एक दिवस मुलाच्या आईनं फोन केला. हिनं उचलला, हॅलो म्हणाली. त्या बाई म्हणतेत, दादा, जरा सुवर्णाला द्या की."

तन्मयनं हसताना माइक दूर ढकलला. अण्णा थांबले नाहीत. कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं हे त्यांना नेमकं कळत होतं.

"ही म्हणाली, मीच सुवर्णा. तिकडनं फोन ठेवला. आठ दिवसांनी साड्या परत."

ते लग्न मोडल्याचं मी स्टेशनवर कुणालाही सांगितलं नव्हतं. घरातसुद्धा त्यावर परत बोलणं झालं नव्हतं. अव्वा तेव्हा होती. ती त्या आठवड्यात माझ्या ताटात रोज काहीतरी गोड वाढायची आणि स्वतः जेवायची नाही.

पहिला फोन आला. बाळीवेशीतला कुणी पोरगा. "हॅलो, सुवर्णादादा आहेत का?"

मी म्हटलं, "बोलतोय."

असं का म्हटलं ते मला कळलं नाही. दिवा लागलेला होता. पण ते वाक्य त्या सकाळचा कळस ठरलं, आणि पुढे कितीतरी दिवस मी नवी पेठेत भाजी घ्यायला गेले तरी कोणीतरी मागून ओरडायचं, "ओ दादा!"

कुस्ती झाली. मी एका बँडवाल्याचं गाणं लावलं. कोणी ऐकलं की नाही कोण जाणे. शिक्षा आली, सुवर्णादादांनी पुरुषी आवाजात कुकरचं गाणं म्हणायचं. मी प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणायला लागले. दोन ओळी झाल्या असतील, अण्णांनी हात वर केला.

"थांब, थांब. सूर लागंना तुझा."

तन्मय पुन्हा हसून कोसळला. पण अण्णा हसत नव्हते. ते मला खरंच सूर देत होते, तळहातानं टेबलावर ठेका धरून. "गि-रि-जे. 'जे' वर चढ. अव्वाचं नाव नीट घे."

मी पुन्हा म्हटलं. चढले.

घरी येताना आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कुकरवाले अण्णा का हो?" अण्णांनी त्याला दोन शिट्ट्या ऐकवल्या. त्यानं भाडं घेतलं नाही.

घरात शिरल्यावर मी दार लावलं.

"अण्णा, ते गाणं अव्वाचं होतं."

"हो की."

"सिव्हिलमध्ये शेवटच्या दिवशी तिनं तुम्हाला तेच म्हणायला लावलं. मी होते तिथं. तुम्ही तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालात. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा रडली. कुणी हसलं नाही."

"तिनं एकटीनं ऐकलं," अण्णा म्हणाले. "आता सगळं गाव ऐकालंय."

"गाव हसतंय तुम्हाला!"

"मग हसू दे." त्यांनी कोट काढून काळजीपूर्वक खुंटीला लावला. "चाळीस वर्षं गायलो मी. गड्ड्यावर गायलो, लग्नात गायलो. लोक जेवत असायचे. पोरं खुर्च्या ओढत फिरायची. एकानं कधी मान वर करून बघितलं नाही. आज रिक्षावाल्यानं ओळखलं."

"त्या तन्मयनं चोरून नेली कॅसेट."

"चोरून?" ते वळले. "मी दिली त्याला. म्हणलं, लाव."

मी खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"तू ट्रंकेतलं काय लावायचं ठेवलंस सांग की," ते म्हणाले. त्यांचा आवाज वाढला नव्हता. "शंकर बँडमास्तरचं लावलंस. बोल्लीच्या दुकानाचं लावलंस. सिद्रामचं तीनदा लावलंस, तो मेलेला माणूस. माझे सगळे जोडीदार लावून झाले. मी रोज सकाळी रेडिओ घेऊन बसायचो. आज तरी लावशील. आज तरी लावशील. लावलंस का कधी?"

"लोक हसले असते म्हणून नाही लावलं."

"सिद्रामला हसले तेव्हा चाललं ते."

"तुम्ही माझे वडील आहात, अण्णा!"

"म्हणून तुला लाज वाटली," ते म्हणाले आणि कुकर लावायला आत गेले. आता त्यांना तो लावता येत होता.

महिनाअखेरीस पेंडसे सरांनी मला बोलावलं. तन्मय तिथे आधीच बसलेला होता, आणि त्याच्या शेजारी अण्णा, निळ्या कोटात. वरच्यांनी एकच माणूस म्हटलं होतं, पण या जोडीला त्यांनी हरकत घेतली नाही. 'उठा की राव' आता तन्मय आणि कुकरवाले अण्णा करणार होते. मला दुपारची पाककृती.

"मनाला लावून घेऊ नकोस," सर म्हणाले. "शेवटी घरातच राहिलं ना?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्याकडून एका शब्दाची वाट बघितली. ते तन्मयला म्हणाले, "उद्या येताना ते हार्मोनियमवाल्याचं घेऊन येऊ का?"

पुढे वर्षभर ते गाजले. गणपतीच्या मांडवात त्यांना बोलावणी आली, मोबाइलवर त्यांच्या शिट्ट्या वाजल्या, पार्क चौकातल्या एका हॉटेलानं त्यांच्या नावाची भाजी काढली. मी दुपारी दोन वाजता शेंगाचटणी कशी कुटायची ते सांगत होते. आम्ही एकाच घरात राहत होतो, एकाच चुलीवरचं खात होतो. सकाळी कोट मीच इस्त्री करून ठेवायची.

गावाचं पोट लवकर भरतं. अण्णांकडे अव्वाच्या नकला संपल्या, माझं बार्शीचं स्थळ चौथ्यांदा सांगून झालं. तरी ते जोर लावत राहिले. शिट्ट्या लांबल्या, नकला भडक झाल्या. एकदा त्यांनी सिव्हिलमधली सलाइनची बाटली सांगितली, अव्वाच्या शेवटच्या रात्रीची, चाल लावून. त्या दिवशी एकही फोन आला नाही. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत चटणीच्या कार्यक्रमाची जाहिरात भरत होते. काचेतून मला दिसलं, तन्मय घड्याळाकडे बघत होता, आणि अण्णा त्याच्या चेहऱ्याकडे.

मग तन्मयला मुंबईच्या मोठ्या स्टेशनवरून बोलावणं आलं आणि तो आठवड्याच्या आत गेला. जाताना अण्णांना भेटला नाही.

पेंडसे सर मला म्हणाले, "सोमवारपासून सकाळ परत तू कर. एकटी. अण्णांना तूच सांगशील का? घरच्या माणसानं सांगितलेलं बरं."

मी म्हटलं, "सांगते."

अण्णा कोटाची बटणं पुसत बसले होते.

"सोमवारपासून येऊ नका म्हणालेत सर."

"का?"

"लोक हसायचे थांबलेत, अण्णा."

त्यांनी फुंकर मारून बटण पुसलं. "नवीन गाणं करालोय मी. तुझ्यावर. निम्मं झालंय. त्यांना म्हणाव, दोन दिवस थांबा."

"मी म्हणणार नाही."

मला वाटलं ते ओरडतील, आणि मला ते हवं होतं. पण त्यांनी कोटाची घडी घातली आणि ट्रंकेत, कॅसेटींवर ठेवला.

सोमवारी मी निघाले तेव्हा ते रेडिओ घेऊन पलंगावर बसले होते. "कुस्ती आहे का अजून?"

"आहे. आता मी एकटीच दोन गाणी लावणार, लोक निवडतील."

"मग माझं लाव की आज."

"बघते."

ते गाणं स्टेशनच्या कॉम्प्युटरवर होतं. एक बटण दाबायचं. रोज सकाळी दारात ते विचारायचे, "आज लावशील?" आणि मी चपला घालत म्हणायची, "बघते, अण्णा." पावसाळा गेला, गड्डा गेला. मग त्यांनी विचारायचं सोडलं. फक्त रेडिओचा आवाज मोठा करायचे, मी दारातून बाहेर पडायच्या आत.

एका सकाळी कुस्तीच्या वेळेला फोन आला. वयस्कर माणूस होता, होटगी रोडवरून बोलतोय असं त्यानं दिवा लागायच्या आधीच सांगितलं होतं.

"ताई, एक विचारू का? तुमच्याकडे ते कुकरवाले अण्णा होते. लई दिवस ऐकले नाहीत. बरे आहेत ना?"

लाल दिवा लागलेला होता. मी हसले.

"कोण अण्णा?" मी म्हटलं. "नाही आठवत हो. कुठलं गाणं लावू तुमच्यासाठी?"

दुपारी घरी पोचले. अण्णांनी ताट वाढून ठेवलं होतं, भाकरी फडक्यात गुंडाळलेली. रेडिओ बंद होता. मी हात धुऊन बसले. ते समोर बसले आणि मी खाताना बघत राहिले. मी मान खाली घालून घास मोडत होते, आणि त्यांनी काय बोलायला सुरुवात केली तर काय उत्तर द्यायचं ते मनात तयार ठेवत होते. एकेक वाक्य.

"तो माणूस कुठनं बोलत होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कुठला?"

"सकाळचा. माझं विचारालता तो."

"होटगी रोडवरनं."

"होटगी रोड," ते म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात अजून थोडी चटणी वाढली. "बघ की. तिथपर्यंत अजून आठवतंय लोकांना."